बागेत परदेशी रोपं आणि रानात कुऱ्हाडबंदी : दापोडीच्या डॉक्टर गिब्सनची गोष्ट

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पाय ठेवायला जागा नसते. फूल बाजारात झेंडूचे ढीग लागलेले असतात. पिवळा वेगळा, केशरी वेगळा. बाजूला निशिगंध, शेवंती, ॲस्टर. आणि गेटच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, आसपासच्या डोंगरांतून तोडून आणलेल्या आपट्याच्या पानांच्या जुड्या घेऊन बायका बसलेल्या असतात. आपटा म्हणून बऱ्याचदा कांचनही खपवला जातो, पण सणाच्या गडबडीत ते कोण बघतंय?

आता या सगळ्यात आपल्या मातीतलं काय? तर तो आपटा. झेंडू मूळचा मेक्सिकोचा. ज्याच्या सुवासाशिवाय मराठी लग्नातली वरमाला पूर्ण होत नाही तो निशिगंधही मेक्सिकोचाच. फळ-भाजीच्या गाळ्यांवर गेलात तर बटाटा, टोमॅटो, मिरची, पपई, पेरू हे सगळे अमेरिका खंडातून आलेले पाहुणे. एवढंच काय, पुरंदरची म्हणून आपण जी मिरवतो ती सीताफळंसुद्धा तिकडचीच.

या पाहुण्यांबद्दल कुणाची तक्रार नाही. मिरचीनं काळ्या मिरीला बाजूला सारलं, पण रान नाही गिळलं.

पण पुण्यातली कुठलीही पडीक जागा बघा. तिथं गाजर गवत दिसेल. पर्वती-तळजईच्या टेकड्यांवर चढलात तर घाणेरीच्या जाळ्या दिसतील, काहीजण तिला टणटणी म्हणतात. हे दोघंही अमेरिका खंडातलेच. एक पाहुणा ताटात आला आणि राहिला. दुसरा घरात शिरला आणि घरच्यांना बाहेर काढायला लागला.

हे सगळं समुद्र ओलांडून आलं कसं? थोडं पोर्तुगीजांच्या जहाजांतून आलं, थोडं धान्याच्या पोत्यांतून चुकून आलं. आणि बरंच काही मुद्दाम, सरकारी पगारावर, पत्रव्यवहार करून, रोपांना पाणी घालून आणलं गेलं. ते काम करणारी या भागातली सगळ्यात मोठी जागा पुण्यातच होती, मार्केट यार्डापासून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. आज तिथं दापोडी आहे. इंग्रज तिला दापुरी म्हणायचे.

त्या बागेचा सगळ्यात गाजलेला प्रमुख होता डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन. पण त्याची ओळख तेवढीच नाही. नऊ वर्षं परदेशी झाडं रुजवणारा हाच माणूस पुढं मुंबई इलाख्याच्या जंगलांचा पहिला राखणदार झाला.

देवीची लस टोचणारा डॉक्टर

गिब्सनचा जन्म १८०० साली स्कॉटलंडमधल्या लॉरेन्सकर्क या छोट्या गावात झाला. एडिंबरा विद्यापीठात तो डॉक्टरकी शिकला. त्या काळी एडिंबरात डॉक्टर व्हायचं म्हणजे वनस्पती ओळखायला शिकावंच लागायचं, कारण औषधाच्या दुकानातलं बहुतेक सगळं झाडाच्या मुळातून, सालीतून, पानातून यायचं. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत झाडांवर जीव असलेले इतके डॉक्टर का दिसतात, याचं उत्तर या अभ्यासक्रमात आहे.

१८२५ मध्ये तो कंपनीचा असिस्टंट सर्जन म्हणून हिंदुस्थानात आला. पेशवाई बुडून जेमतेम सात वर्षं झाली होती. काही काळ कंपनीच्या आरमारात काढल्यावर त्याच्याकडं दख्खन आणि खानदेशातलं लसीकरणाचं काम आलं. म्हणजे गावोगाव फिरायचं आणि पोरांना देवीची लस टोचायची.

हे काम वरवर झाडांशी काही संबंध नसलेलं वाटतं. पण विचार करा, रेल्वे नाही, पक्का रस्ता नाही, आणि एक डॉक्टर घाटावरून खानदेशात, खानदेशातून परत घाटावर असा वर्षानुवर्षं चाललाय. कुठल्या गावाच्या वर रान आहे, कुठला झरा उन्हाळ्यातही वाहतो, कुठला डोंगर मागच्या खेपेला हिरवा होता आणि या खेपेला बोडका झालाय, हे त्याला दिसत होतं. त्यानं इथल्या भाषाही शिकून घेतल्या होत्या. पुढं जंगलांबद्दल त्यानं जे लिहिलं त्यातलं बरंचसं या पायपिटीतून आलं असणार.

फोर्डचा बंगला, मालकमची बाग

दापोडीची जागा आधीपासूनच इतिहासातली. पेशव्यांच्या नोकरीत इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली एक पलटण होती, तिचा मुक्काम इथं असायचा. त्या पलटणीचा प्रमुख कॅप्टन फोर्ड. १८१७ मध्ये खडकीची लढाई सुरू झाली तेव्हा ही पेशव्यांच्या पगारावरची पलटण इंग्रजांच्या बाजूनं जाऊन उभी राहिली. पुढं गव्हर्नर सर जॉन मालकमच्या काळात फोर्डचा बंगला सरकारनं विकत घेतला आणि १८२८ मध्ये तिथं वनस्पती उद्यान सुरू झालं.

मुळा आणि पवनेच्या संगमाजवळची जागा. पाणी भरपूर. मुंबईची दमट हवा नाही, खानदेशाचं ऊन नाही. परदेशातून आलेलं रोप जगवायला यापेक्षा बरी जागा मिळणं अवघड.

१८३८ मध्ये गिब्सन या बागेचा सुपरिटेंडंट झाला.

अशा बागा कशासाठी होत्या, हे समजून घ्यायला पाहिजे. आजच्यासारखं रविवारी पोरांना घेऊन जायचं ठिकाण म्हणून त्या काढल्या नव्हत्या. कंपनीला पैसा हवा होता. इथल्या जमिनीत कुठला परदेशी कापूस येईल, कुठला ऊस जास्त रस देईल, कुठलं औषधी झाड इथंच लावलं तर इंग्लंडहून औषध मागवायचा खर्च वाचेल, असे हिशोब होते. दापुरीच्या जोडीला जुन्नरजवळ हिवरे इथंही सरकारी बाग होती आणि तीही गिब्सनकडंच होती. तिथं सोनामुखीसारखी औषधी झाडं लावून त्यानं सरकारी औषधभांडाराला माल पुरवला. डॉक्टरला शोभेल असंच काम.

पण हिशोबाच्या पलीकडं हौसही होती. कलकत्ता, लंडन, आफ्रिकेचं दक्षिण टोक, मॉरिशस अशा बागांची एक साखळी होती. एकानं बी पाठवायचं, दुसऱ्यानं रुजवायचं, तिसऱ्याला द्यायचं. याच सुमाराला लंडनच्या डॉक्टर वॉर्डनं काचेची बंद पेटी शोधून काढली होती. तिच्यात रोप ठेवलं की महिनोन्महिन्यांच्या बोटीच्या प्रवासात खाऱ्या वाऱ्यानं ते मरत नसे. जगभर झाडं हलवणं एकदम सोपं झालं. आणि कॅम्पातल्या साहेबांना आपल्या बंगल्याच्या कुंपणाला रंगीत फुलं हवीच होती.

दापुरीत त्या काळी काय काय होतं हे आज नुसतं वाचता नाही तर बघता येतं. १८४७ ते १८५० च्या दरम्यान गिब्सननं एका चित्रकाराकडून बागेतल्या झाडांची चित्रं काढून घेतली. दीडशेहून जास्त चित्रं. त्यात सह्याद्रीतली फुलं आहेत तशीच मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेतून आलेलीही आहेत. काढणारा पोर्तुगीज वळणाचा भारतीय कलाकार होता, एवढंच नोंदलं गेलंय. एकेका पाकळीची शिर मोजून काढणाऱ्या त्या माणसाचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. झाडांची मात्र लॅटिन नावं व्यवस्थित आहेत. ही चित्रं आज एडिंबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत आणि २००२ मध्ये हेन्री नोल्टी या अभ्यासकानं त्यांवर आख्खं पुस्तक काढलं.

मग जंगल

एकीकडं बाग फुलत होती आणि दुसरीकडं सह्याद्री बोडका होत होता.

जंगलाचा वापर काही इंग्रजांनी सुरू केला नाही. मराठ्यांच्या आरमारालाही लाकूड लागायचं, पण त्यावर बंधन असावं, रयतेची आंबा-फणसाची झाडं परस्पर तोडू नयेत, असं धोरण रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे. कंपनीच्या राजवटीत मागणीचा आकारच बदलला. मुंबईच्या गोदीला जहाजांसाठी सागवान हवा होता. वाढत्या मुंबईला सरपण आणि कोळसा हवा होता. ज्या झाडावर हक्क कुणाचा हे धड ठरलेलं नाही ते आधी तोडून विकावं, असा कोकणात नियमच होऊन बसला होता.

गिब्सननं १८४० च्या दशकात सरकारला याबद्दल लिहायला सुरुवात केली. त्याचा मुद्दा फक्त लाकूड संपेल हा नव्हता. झाडं गेली की झरे आटतात, डोंगराची माती वाहून जाते, ती खाड्यांत साठते आणि खाड्या उथळ होतात, हे तो कोकणातली उदाहरणं देऊन सांगत होता. आज हे चौथीच्या पुस्तकात असतं. तेव्हा लंडनमध्ये बसलेल्या कंपनीच्या संचालकांना ते नवं होतं. त्यांना पटलं की नुसती भीती वाटली हा भाग वेगळा, पण १८४७ मध्ये गिब्सनची मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली.

साल लक्षात घ्या. सगळ्या देशासाठीचं वनखातं डिट्रिश ब्रँडिसच्या हाताखाली १८६४ मध्ये आलं. त्याच्या सतरा वर्षं आधी गिब्सन सह्याद्रीत हे काम करत होता. १८५० मध्ये एडिंबरात शास्त्रज्ञांची मोठी सभा भरली. उष्ण कटिबंधातली जंगलं तुटण्याचे परिणाम काय, यावर तिथं ह्यू क्लेगहॉर्नच्या पुढाकारानं समिती बसली आणि तिच्या अहवालात गिब्सनच्या निरीक्षणांचा आधार घेतला गेला. आज हवामानबदलावर ज्या परिषदा होतात त्यांची ही खापरपणजी म्हणायला हरकत नाही.

पण राखणदार झाला म्हणजे तो सगळ्यांचा लाडका झाला, असं नाही.

घाटमाथ्यावर आणि कोकणाच्या उतारांवर डोंगराचा तुकडा तोडायचा, जाळायचा, राखेत नाचणी-वरी पेरायची, दोनतीन वर्षांनी तो तुकडा सोडून पुढं जायचं, अशी शेती चालायची. कुमरी म्हणतात तिला. गिब्सन या पद्धतीच्या विरोधात होता. त्याच्या डोळ्यांसमोर जळालेला उतार होता. ज्यांचं पोट त्या राखेवर होतं त्यांच्यासमोर दुसरा उतार नव्हता. गोदीसाठी सागाचे ओंडके नेणारा ठेकेदार आणि नाचणीपुरता तुकडा जाळणारं कुटुंब, दोघांचं वजन सरकारी नियमांत सारखं कधीच नव्हतं. पुढं १८६५ आणि १८७८ च्या कायद्यांनी हा फास आणखी आवळला. चराईची रानं वनखात्यानं ताब्यात घेतल्यावर शेतकऱ्याच्या गुराढोरांचे कसे हाल झाले, हे १८८३ मध्ये जोतीराव फुल्यांनी शेतकऱ्याचा असूडमध्ये झणझणीत शब्दांत मांडलं. तोवर गिब्सन हयात नव्हता, पण त्या खात्याचा पाया त्याच्याच काळातला.

त्यात १८५३ मध्ये बोरीबंदरहून पहिली रेल्वे ठाण्याला गेली आणि १८५८ पर्यंत पुण्याला खंडाळ्याशी जोडणारे रूळ पडले. रुळाखाली स्लीपर, इंजिनात सरपण. जंगल वाचवायला नेमलेल्या माणसाच्या कारकिर्दीतच जंगलाला आजवरचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक मिळालं.

एका पुस्तकाचे दोन भाग

गिब्सन १८६० मध्ये निवृत्त झाला. पुढच्याच वर्षी निकोल डॅल्झेल या सहकाऱ्याबरोबर लिहिलेलं त्याचं पुस्तक आलं, बॉम्बे फ्लोरा. मुंबई इलाख्यात सापडणाऱ्या झाडांची वर्णनं त्यात आहेत. सह्याद्रीच्या वनस्पतींवर काम करणारा माणूस आजही या पुस्तकाला वळसा घालून जाऊ शकत नाही.

या गोष्टीत महत्त्वाची आहे ती पुस्तकाची रचना. मुख्य भागात इथली मूळची झाडं आहेत. आणि मागं एक पुरवणी आहे, तिच्यात बाहेरून आणलेली आणि इथं स्वतःहून वाढू लागलेली झाडं.

म्हणजे आपलं कोण आणि पाहुणं कोण हे गिब्सनला नीट माहीत होतं. आणलेल्या झाडांपैकी काही बागेचं कुंपण ओलांडून मोकाट सुटलीत, हेही माहीत होतं. पण पुस्तकात तो धोका म्हणून येत नाही. नवं झाड इथं रुजलं म्हणजे प्रयोग जमला, असाच तेव्हाचा हिशोब होता. परकी झाडं आणि प्राणी एखाद्या प्रदेशावर आक्रमण करतात, ही कल्पना शास्त्रात नीट मांडली गेली ती चार्ल्स एल्टनच्या १९५८ च्या पुस्तकानं, म्हणजे बॉम्बे फ्लोरानंतर जवळपास शंभर वर्षांनी.

त्यामुळं आजच्या घाणेरीचं खापर गिब्सनच्या डोक्यावर फोडणं चुकीचं ठरेल. घाणेरी त्याच्या खूप आधी, १८०९ च्या सुमाराला, कलकत्त्याच्या बागेत शोभेचं झुडूप म्हणून आली होती. पवनेला आणि मुळेला दर उन्हाळ्यात गिळणारी जलपर्णी बंगालमध्ये आली तीच मुळी त्याच्या मृत्यूनंतर, १९ व्या शतकाच्या शेवटी. पण ज्या रस्त्यानं ही झाडं आली तो बागांच्या साखळीचा रस्ता होता आणि दापुरी त्यावरचं एक मोठं स्टेशन होतं.

गाजर गवताबद्दलही एक गैरसमज इथंच मिटवायला हवा. ते अमेरिकेच्या पीएल ४८० योजनेच्या गव्हातून आलं असं आपण लहानपणापासून ऐकतो, काँग्रेस गवत हे नावही त्या काळाशी जोडलं जातं. पण आर. शेषगिरी राव या वनस्पतिशास्त्रज्ञांना ते पुण्यात दिसलं १९५५ मध्ये आणि १९५६ मध्ये त्यांनी ते छापलं. पीएल ४८० चा भारताशी पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. त्याआधी १९५१ मध्येही अमेरिकेचा गहू आला होता, त्यामुळं धान्यातून ते पसरलं हे खरं असू शकतं. पण १९ व्या शतकाच्या सुरुवातीच्या कलकत्त्याच्या बागेच्या यादीतही त्याचं नाव सापडतं. म्हणजे इथंही बाग आलीच.

कुऱ्हाड आणि घाणेरी यांचं नातं

आता गिब्सनच्या आयुष्याचे दोन तुकडे एकत्र ठेवून बघायला हवेत. बाग आणि जंगल ही त्याच्यासाठी दोन वेगळी खाती होती. सह्याद्रीत ती एकाच ठिकाणी येऊन भेटली.

भीमाशंकरच्या बाजूला आहुप्याची देवराई आहे. देवाचं रान म्हणून पिढ्यानपिढ्या तिथं कुऱ्हाड चालली नाही. पुण्याच्या वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या अशा देवरायांचा अभ्यास केला, त्यानंतर शहरातल्या लोकांना त्यांचं महत्त्व कळलं. घाटमाथ्यावरच्या अशा जुन्या रानात जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा यांची डोकी वर एकमेकांत इतकी गुंतलेली असतात की भर दुपारी खाली संध्याकाळ वाटते. घाणेरीला ऊन लागतं. रानमोडीलाही लागतं. अशा अंधारात त्यांना फारसं काही करता येत नाही.

पण कडेनं रस्ता काढला, चार मोठी झाडं पाडली, वणवा लागला, की छताला भोक पडतं. त्या उजेडात सगळ्यात आधी हजर होते ती घाणेरी. बुलबुल तिची काळी फळं खातात आणि बिया आत नेऊन टाकतात. मग जाळी वाढते. तिच्याखाली जांभळाचं किंवा हिरड्याचं रोप उजेडाविना मरतं. गुरं तिला तोंड लावत नाहीत, लावलं तर आजारी पडतात. वाळलेली जाळी वणव्याला झाडाच्या शेंड्यापर्यंत चढायला शिडी होते आणि आग गेली की बुंध्यातून पुन्हा सगळ्यात आधी फुटते तीच.

लांबून बघणाऱ्याला यातलं काही कळत नाही. डोंगर हिरवागारच दिसतो. मोठी झाडं उभी असतात. पण त्यांच्या खाली त्यांची पोरं नसतात. म्हातारं झाड पडलं की त्याची जागा घ्यायला कुणी तयार नसतं, तिथं आणखी घाणेरी येते. शंभर-दोनशे वर्षांचं रान असं आतून पोकळ होत जातं. रानमोडी हे नाव ज्यांनी ठेवलं त्यांना हे कुठल्याही शास्त्रज्ञाच्या आधी कळलं होतं.

आकडा ऐकायचा असेल तर भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासकांनी २०२० मध्ये मांडलेला अंदाज आहे. देशात वाघांचा वावर असलेल्या जंगलांपैकी ४० टक्क्यांहून जास्त, म्हणजे दीड लाख चौरस किलोमीटरपेक्षा जास्त भागात घाणेरी पोचली आहे. महाराष्ट्राचं सगळं क्षेत्रफळ तीन लाखांच्या थोडं वर आहे, त्याच्या निम्मं धरा.

हे कळल्यावर गिब्सनच्या कुऱ्हाडबंदीकडं वेगळ्या नजरेनं बघावं लागतं. तो जंगल वाचवत होता ते पाणी आणि सागवानासाठी. पण जिथं जिथं रानाचं छत शाबूत राहिलं, तिथं घाणेरीला दार बंद राहिलं. आणि जिथं ते फाटलं, तिथं त्याच्यासारख्याच हौशी बागवानांनी जगभरातून गोळा केलेली झाडं आत शिरली. त्याच्या एका नोकरीनं पाहुण्यांना बोलावलं, दुसरीनं नकळत कडी लावली. कडी पुरेशी लागली नाही, हे सांगायला नको.

त्याच्यानंतरही तेच

गिब्सनच्या वेळी माहिती नव्हती, असं म्हणून त्याला सोडता येतं. त्याच्यानंतरच्यांचं काय?

पुण्याच्या बोडक्या टेकड्या हिरव्या करायच्या म्हणून वनखात्यानं त्यांवर ग्लिरिसिडिया लावला, हेही मध्य अमेरिकेचं झाड. पटकन वाढतं, शेळ्या-गुरांच्या तावडीतूनही टिकतं, फोटोत छान दिसतं. त्याला गिरिपुष्प असं गोड नाव मिळालं आणि उंदीरमारी असं खरं नावही मिळालं. आता टेकड्यांवरची तीच झाडं हळूहळू काढून देशी झाडं लावायची चर्चा आणि खटपट चालू आहे. गाजर गवताला आवरायला १९८४ मध्ये बंगळूरला मेक्सिकोचाच एक भुंगा सोडला गेला, तो पावसाळ्यात पानं फस्त करतो. गवत मात्र अजून आहे.

आणि गणपती-नवरात्रात इन्स्टाग्रामवर येणारे ते केशरी-पिवळ्या फुलांच्या टेकड्यांचे रील? त्यातली बरीचशी फुलं कॉसमॉसची असतात. मेक्सिकोहून बागांसाठी आलेलं हे फूल आता पुण्याच्या टेकड्यांवर आणि घाटरस्त्यांच्या कडेला मोकाट वाढतं. त्याच दिवसांत त्याच डोंगरांवर सोनकी आणि कवला फुलतात, तीही पिवळीच, पण आपली. सोनकी बुटकी असते, मोबाईलच्या फ्रेममध्ये कमरेपर्यंत येत नाही. कॉसमॉस येतो. ज्या उतारावर तो दाटला तिथं खालच्या बुटक्या फुलांना ऊन मिळणं अवघड होतं. रील काढणाऱ्यांनी परत येताना कपड्यांना चिकटलेल्या बिया झटकल्या, तरी त्या झटकल्या कुठं हा प्रश्न उरतोच.

दापुरीची बाग १८६५ मध्ये बंद झाली. पुढं पुण्याचं वनस्पती उद्यान गणेशखिंडीत उभं राहिलं, ते अजून आहे. गिब्सन जानेवारी १८६७ मध्ये वारला. दापोडी म्हटलं की आता लोकांना एसटीचं वर्कशॉप आठवतं, आणि नदीकाठच्यांना उन्हाळ्यातले डास आठवतात, कारण पवनेवर जलपर्णीचा गालिचा पसरलेला असतो आणि महापालिकेचे कामगार तो ओढून काठावर टाकत असतात. पाऊस झाला की उरलेला वाहून जातो, डिसेंबरनंतर पुन्हा दिसायला लागतो.

सह्याद्रीतल्या एका आमरीला जोसेफ हुकर या वनस्पतिशास्त्रज्ञानं गिब्सनचं नाव दिलं आहे, हबेनारिया गिब्सोनी. पांढऱ्या फुलांची, पावसाळ्यात गवतात उगवणारी, जमिनीवरची आमरी. ती कुणी आणलेली नाही, इथलीच आहे. तिच्या नावानं मार्केट यार्डात विचारलंत तर कुणाला माहीत नसेल. ऑगस्टमध्ये घाटमाथ्यावरच्या मोकळ्या गवतात ती सापडते, जिथं घाणेरी अजून पोचलेली नाही तिथं.